तीन मुलर आणि एक पाटी

गल्फमधल्या ऑफिसात किस्से खिडकीतल्या वाळूसारखे साचतात. संध्याकाळी पुसा, सकाळी बोट फिरवलं की पुन्हा रेघ उमटते!

मी शारजात राहायचो आणि दुबईत एसीची कामं करणाऱ्या कंपनीची गाडी चालवायचो. शाळा नववीत सुटलेली, स्वभाव भिडस्त. त्यामुळे बोललो कमी, ऐकलं जास्त.

आमच्याकडे तीन जर्मन साहेब होते आणि तिघंही मुलर! रिसेप्शनवर वसईचे पिंटो अंकल बसायचे. त्यांनी वाटणी करून टाकली होती: थोरले, मधले, धाकटे.

*

धाकटे पहिल्यांदा आले, तेव्हा मी एअरपोर्टवर ‘मि. मुलर’ लिहिलेली पाटी धरून उभा होतो. एक गोरा माणूस आला, हात मिळवला, गाडीत बसला. मी त्याला थेट मीटिंगमध्ये नेऊन सोडलं. तासाभराने फोन आला, आमचा मुलर अजून एअरपोर्टवरच आहे!

“साहेब ओरडले का रे?” पिंटो अंकलनी विचारलं.

“नाही. म्हणाले, मीटिंगमध्ये कामाचं तो एकटाच बोलला!”

*

एकदा एका मॅडमचा फोन आला. मुलरना द्या म्हणाल्या.

“विच मुलर, मॅडम?”

“माय हसबंड!”

“मॅडम,” पिंटो अंकल थकून म्हणाले, “तिघांच्याही बायका हेच सांगतात!”

*

मी एकदा धीर करून मधल्यांना विचारलं, “सर, तुम्ही तिघं भाऊ का?”

ते हसले. “तुझ्या गावात जाधव किती?”

“अर्धं गाव, सर.”

“मग सगळे भाऊ?”

“हो सर. भावकी आहे. बोलत कुणीच नाही!”

*

तीन वर्षं मी घरी गेलो नव्हतो. मग धाकट्या बहिणीचं लग्न ठरलं. रजेच्या फॉर्मवर मुलरची सही हवी होती.

थोरल्यांना वाटलं, ड्रायव्हर मधल्यांचा. मधल्यांनी फॉर्म धाकट्यांच्या ट्रेमध्ये टाकला. धाकट्यांनी तो अदबीने थोरल्यांकडे पाठवला. दहा दिवस फॉर्म फिरत राहिला. लग्नाला पाच दिवस उरले.

“आज फॉर्म आला का?” मी रोज विचारायचो.

“इन्शाल्ला,” पिंटो अंकल म्हणायचे. शेवटी त्यांनीच फॉर्म माझ्या हातात दिला. “तिघं रोज तुझ्याच गाडीत बसतात ना? मग?”

दुसऱ्या दिवशी तिघांना मरीनाच्या साइटवर नेताना सिग्नलला गाडी थांबली. मी फॉर्म आणि पेन मागे धरलं. मान वळवायची हिंमत नव्हती.

“सर, बहिणीचं लग्न आहे. मुलरची सही पाहिजे.”

सिग्नल हिरवा झाला. मागून हॉर्न वाजायला लागले. मी गाडी हलवली नाही.

फॉर्म परत आला. त्यावर तीन सह्या!

पिंटो अंकलनी तो उलटसुलट पाहिला. “एका सहीवर एक महिना मिळतो, हबीबी. तू काय आता तीन महिने जातोस?”

*

लग्न झालं. महिन्याने परत आलो, तेव्हा एअरपोर्टवर आमच्या कंपनीचा शर्ट घातलेला एक नवा पठाण ड्रायव्हर उभा होता. माझ्या जागी ठेवलेला, मला न ओळखणारा. पिंटो अंकलनी त्याला सांगितलं होतं, “गाडीतली पाटी धर, आपला माणूस बरोबर येईल.”

मी पाटीसमोर जाऊन थांबलो. त्याने झटकन माझी बॅग उचलली आणि गाडीचं मागचं दार उघडलं.

“मुलर साब?”

“हां,” मी म्हणालो, आणि मागच्या सीटवर बसलो.