अण्णांचं तबक

मतमोजणीच्या दिवशी मी तिरुनीलक्कुडीला पितळेच्या घागरी पोचवायला गेलो होतो. देवळाच्या बाजूने पक्षाचा एक कार्यकर्ता सायकल दामटत येताना दिसला आणि मला वाटलं, निकाल लागला. हातातली घागर खाली ठेवून मी हसतच पुढे झालो. तो उतरला आणि माझ्याकडे न बघता म्हणाला, "रायर गेले." निकालाचं त्यालाही काही ठाऊक नव्हतं...

रायर म्हणजे हणमंतराव. कुंभकोणमला आपल्या मराठी मंडळींना तमिळ लोक रायरच म्हणतात. माझे ते अण्णा. मी कऱ्हाडकडचा, मराठी चौथीत शाळा सुटलेली. एका भांडेव्यापाऱ्याबरोबर स्वयंपाकी म्हणून इतक्या लांब आलो, हिवतापाने इथल्या छत्रात, म्हणजे धर्मशाळेत, पडलो आणि व्यापारी माल घेऊन परत गेला. छत्रात कुणीतरी मराठीत बरळतंय, एवढं ऐकून अण्णा आले. "कां रे, उठवेल काय? घरास चल," म्हणाले. त्यांचे पूर्वज तंजावरच्या राजांच्या पदरी होते. ते राज्य खालसा होऊन तीन पिढ्या गेल्या, पण घरातली बोली तिथेच थांबलेली. तापात मला वाटलं, एखादी बखरच बोलतेय. पुढे मी त्यांच्याच भांड्यांच्या दुकानात राहिलो, मावशींच्या, म्हणजे त्यांच्या पत्नीच्या, हातचं जेवलो. परमुलखात माझं जे काही आहे ते त्या दोघांचं.

नवा पक्ष निघाला तो अण्णांच्या ओट्यावर. दोन तरुण वकील, एक धान्याचा व्यापारी आणि अण्णा. म्हणणं साधं होतं. स्वराज्य यावं, पण कायद्याच्या वाटेने यावं. ज्याचं दुकान, शेत, देऊळ त्याच्याकडे राहावं, आणि सरकार गोऱ्यांचं असो की आपलं, त्याने लोकांच्या घरात फार डोकावू नये. सत्याग्रहवाले जाता-येता टोमणा मारायचे, "कॉफी पिणाऱ्यांचा पक्ष!" अण्णा वरून हाक द्यायचे, "या, तुम्हीही घ्या. असक्यांस पुरेल." असके म्हणजे सगळे. बघता बघता ओटा पुरेना, रस्त्यावर बाकं मांडावी लागली. वकिलांनी सभा घेतल्या, पत्रकं छापली. अण्णांचं मत वेगळं. मत मागायचं तर लग्नाला बोलावतात तसं घरी जाऊन बोलवावं. तबकात विड्याची पानं, सुपारी, हळदकुंकू. पुढे ते, मागे मी. पान उचललं की शब्द दिला, हे या मुलखात कुणाला शिकवावं लागत नाही. इन्नंबूरला एका म्हातारीने पानाकडे हात नेता नेता विचारलं, "रायर, लग्न कुणाचं?"

"लग्न नाही आजी, पक्ष आहे."

"जेवण तरी आहे का?"

"निवडून आला तर."

"मग कसलं मेलं हे बोलावणं!" म्हणाली, आणि हसत पान घेतलं.

तालुका बोर्डाची निवडणूक जवळ आली तशी अण्णांना धाप लागायला लागली. स्वतःच्याच ओट्याच्या पायऱ्या ते खांबाला धरून चढायचे. डॉक्टरांनी फिरणं बंद केलं. मला घास गोड लागेना. तिरुभुवनम् तेवढं राहिलं होतं, सगळी रेशीम विणणाऱ्यांची वस्ती. मी म्हटलं, "मी जातो, तुम्ही पडून राहा." माझं मोडकं तमिळ रस्ताभर घोकत गेलो. पहिल्याच घरी मागावर बसलेल्या म्हाताऱ्या विणकराने तबकाकडे पाहिलं, मग माझ्या मागे रस्त्याकडे. "वडीलधारं माणूस कुठे आहे?" आजारी आहेत, म्हटलं. "मग बरे होऊन येऊ देत. बोलावणं मोठ्यांच्या तोंडचं लागतं, तंबी." तंबी म्हणजे धाकटा भाऊ. रागावला नव्हता. पुढच्या घरांतूनही तेच. तबक भरलेलंच परत आलं.

अण्णांनी ते पाहिलं आणि पायाने चपला चाचपल्या. मावशी दारात आडव्या उभ्या राहिल्या. मी म्हटलं, "अण्णा, पक्ष काय तुमच्यावाचून अडलाय?"

"आज अडलाय रे. उद्यां अडणार नाही. आज जाऊं दे. गाडी सांग."

ज्यांनी मला छत्रातून उचलून आणलं त्यांना मी कसा अडवणार... गाडी सांगितली. दिवसभर ते घरोघर उतरले. प्रत्येक ओट्यापाशी बोलण्याआधी श्वास गोळा करायचे आणि मी पाठीला हात लावून उभा राहायचो. दुसरं काय करणार? पानं संपली. मतदानाच्या दिवशी अंथरुणावरून एकच विचारत होते, "तिरुभुवनम् आलं काय?" आलं होतं, गाड्या भरभरून.

अण्णांना अग्नी देऊन आम्ही कावेरीवरून परतलो त्या संध्याकाळी निकाल कळला. पक्ष जिंकला होता, तोही तिरुभुवनमच्या मतांवर. मग मिरवणूक निघाली. नादस्वर लांबून ऐकू येऊ लागलं तशा मावशी दाराशी येऊन बसल्या. आमच्या गल्लीच्या तोंडाशी वाद्यं थांबली. सुतकाच्या घरावरून कुणी वाजत जात नाही. मिरवणूक मुकाट्याने शेजारच्या रस्त्याला वळली आणि तिकडे पुन्हा वाजू लागली. कुणाचं काही चुकलं नाही. मावशी उठून आत गेल्या.

आता पक्षाला कचेरी आहे, खुर्च्या आहेत. गेल्या आठवड्यात वकीलसाहेब म्हणाले, जिल्हा बोर्डाची निवडणूक येतेय, तिरुभुवनम् तू सांभाळ. मावशींनी तबक चिंचेने घासून दिलं, पानं स्वतः पुसून लावली. मी गेलो. तोच विणकर, तोच माग. त्याने तबकाकडे पाहिलं, आणि मग सवयीने माझ्या मागे, रस्त्याकडे.

मीही मान वळवून पाहिलं.