आईकडून शिकलेली मराठी

एलीकाकांना एकदा सांगितलेलं कधीच पटायचं नाही. बाहेर थंडी आहे का, असं विचारत. आपण ‘आहे’ म्हटलं की हवेत बोट फिरवून म्हणत, "अगेन." दुसऱ्यांदा सांगताना आपल्या तोंडाकडे बघत राहत. "पहिल्यांदा माणूस सभ्यपणे बोलतो," हे त्यांचं ठरलेलं इंग्रजी वाक्य. इस्रायलमध्ये उभी हयात सिनेमे आणि टीव्ही मालिका दिग्दर्शित करण्यात गेलेली. संशय त्यांच्या धंद्याचाच भाग होता.

आमच्याकडेही त्याची कमतरता नव्हती. जर्सी सिटीतल्या आमच्या इमारतीत ते राहायला आले तेव्हा नदीपलीकडचे टॉवर पडून वर्षही झालं नव्हतं. मी व्हिसावर, कोणी रोखून पाहिलं तरी खिशातला पासपोर्ट चाचपायचो. आणि हा म्हातारा गळ्यात कॅमेरा अडकवून लिफ्टमध्ये आमच्या मागे कान टवकारून उभा.

"हा आपल्यावर वॉच ठेवतोय बघ," एकदा लिफ्टमध्येच माझी बायको वैशाली म्हणाली.

"त्याला कुठे मराठी कळतंय? बोल बिनधास्त," मी म्हणालो.

त्यांचा मजला आला. ते बाहेर पडले, वळले आणि शुद्ध मराठीत म्हणाले, "मी जाते."

माझी झोप उडाली. मराठी जाणणारा हेर मी एक वेळ समजू शकलो असतो, पण त्याला बायकांची मराठी कोणी शिकवली? वैशालीला वेगळंच खटकलं होतं. "निघताना जाते काय म्हणतात? येते म्हणावं," असं म्हणत ती पोह्यांची डिश घेऊन सरळ त्यांच्या दारात गेली. मी मागोमाग.

काकांचे आईवडील बेने इस्रायल, म्हणजे कोकणातले ज्यू, मूळचे पेणचे. वडील लवकर गेले. बाहेर सगळं हिब्रू, मराठी फक्त आईच्या तोंडून कानावर पडलेली. म्हणून काका जन्मभर ‘मी आले’, ‘मी बसते’. पहिल्या सिनेमात त्यांनी अशीच मराठी बोलणारी आई ठेवली होती. निर्मात्याने तिचे संवाद हिब्रूत डब करायला लावले. "माझी आई थिएटरमधून उठून गेली," ते म्हणाले. या वेळी ‘अगेन’ म्हणायचं कोणालाच सुचलं नाही.

पुढे मालिकांनी नाव दिलं, पण ते शल्य राहिलं. आई गेल्यावर तोच सिनेमा नव्याने करायला निर्माता शोधत ते इथे आले. निर्माता मिळेना, म्हणून लग्नांचे व्हिडिओ एडिट करत तो एकट्यानेच पुढे रेटत होते. आईचा आवाज तेवढा मिळत नव्हता. लिफ्टमध्ये ते तोच शोधत होते.

त्यांनी विचारताच वैशालीने आईचा आवाज द्यायला लगेच हो म्हटलं. "यार, हे उद्या कुठे वापरतील काय नेम? ग्रीन कार्ड अडकेल आपलं," मी कुरकुरलो आणि पहारा द्यायला सोबत त्यांच्या घरी गेलो.

वाक्य एकच होतं, ‘जेवलास का रे?’ वैशाली म्हणायची, काका बोट फिरवायचे. "अगेन. तू रेडिओवर बोलतेस." दुपार सरली. शेवटी ती वैतागली, माइक सोडून त्यांच्याकडे वळली आणि चक्क अरेतुरेवर आली, "आणि तू? सकाळपासून जेवलास का रे?"

"जेवले," काका पटकन म्हणाले. बोट मात्र फिरलं नाही.

"काका, तुमचाही आवाज आलाय त्यात," मी म्हणालो. "ते ‘जेवलो’ करून घ्या. लोक हसतील."

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू मीच तो निर्माता. "एकदा करेक्ट केलं होतं," ते म्हणाले.

सिनेमा पुरा करायला दोन हजार सातमध्ये ते परत गेले. टॅक्सीत बसताना वैशालीकडे बघून म्हणाले, "येते." मी दुरुस्त केलं नाही. मला त्यांचा लळा लागला होता.

ते आले नाहीत. पुढच्या वर्षी त्यांच्या मुलीकडून एक डीव्हीडी आली. सिनेमा संपवून काका गेले, असं तिने कळवलं होतं. आम्ही लावली. शेवटी एक रिकामं स्वयंपाकघर दिसतं, आणि वैशालीचा वैतागलेला आवाज विचारतो, "सकाळपासून जेवलास का रे?"

"जेवले."

"खोटं," वैशाली डोळे पुसत म्हणाली. "त्या दिवशी त्यांच्या स्वयंपाकघरात मी पाहिलं होतं, पावाचा तुकडासुद्धा नव्हता." तिने रिमोट घेतला, सिनेमा मागे नेला आणि हवेत बोट फिरवलं.

"अगेन."