बांगड्यावाला चाचा अन् पान्यातले चोट्टे

फोन आला तवा मी भाकर थापून राह्यली होती, दोन्ही हात पिठाचे, म्हनून फोन देरानं घेतला. देर म्हंजे याईचे, माह्या नवऱ्याचे, लहाने भाऊ, बुलढान्याले एका हापिसात कारकून हायत, त्या दिवशी सुट्टी होती म्हनून आमच्या धाड गावी घरीच होते. लय येळ नुसतं हो, हो सर, हो सर करत राह्यले. मंग फोन ठेवला अन् आपल्या मायकडे न पाहता माह्याकडे पाहून म्हने, "वहिनी, दादाचं जहाज चाच्याईनं धरलं."

खरं सांगते, मले पयले हायसंच वाटलं. हे मालाच्या जहाजावर सैपाक करतात ना, तिथं एक म्हातारा खानसामा हाय, पांढऱ्या दाढीचा, त्याले सारे चाचा म्हनतात, साऱ्या जहाजाची कनिक एकट्यानं कशी मयाची ते त्यानंच याईले शिकवलं. मले वाटलं भाजीत मीठ जास्त पडलं असन, चाच्याचा राग आला असन, धरली असन गचांडी. मी म्हटलं, "मंग समजावून सांगा ना भाऊजी, मोठं मानूस हाय, देईन सोडून."

देर माह्यासमोर खाली बसले. मंग हयू आवाजात म्हने, "वहिनी, ते चाचा नाई. समुद्री चाचे. पान्यातले डाकू."

मी उठाले गेली अन् हात ओट्यावर आदयला, हातातल्या बांगड्या गेल्या, एका हातात दोन राह्यल्या अन् एका हातात एक. बांगडी फुटली असं म्हनत नाईत आमच्यात, वाढली म्हनतात. आत्याबाई, म्हंजे माही सासू, पयले काचा गोया कराले बसल्या अन् म्हनत राह्यल्या, वाढल्या माय, वाढल्या, काई नाई. भाकर तव्यावर कायी ठिक्कर झाली, कोनं उचलली नाई.

मी आठवीपर्यंत शिकेल हाये. तो शब्द पुस्तकात आला बी असन, मी त्या दिवशी वावरात गेली असन. आमच्या इकडे चाचा म्हंजे एकच, बाजाराच्या दिवशी गल्लीत बांगड्याची पेटी घेऊन येते तो म्हातारा. माह्या लग्नाचा चुडा त्यानं भरला अन् माही पोरगी बारा दिवसाची होती तवा तिले काया मण्याची मनगटी त्यानंच बांधली, पैसे बी नाई घेतले. अन् डाकूले चाचा म्हनाचं हे कोनाच्या डोक्यातून निंघालं असन, मले तवाच शिसारी आली होती.

समुद्र मीनं पाह्यला नाई. खारं पानी पाह्यलं ते लोनारचं, शायेची सहल गेली होती तवा, त्या पान्याचा असा वास होता का मी पदर, म्हंजे तवाची ओढनी, नाकाले लावून उभी होती. म्हनून मी डोये मिटले का मले जहाज लोनारच्या पान्यात उभं दिसे, तोच सडका वास, अन् जहाजावर हे. जेवनच जाईना. घास तोंडात घेतला का तोच वास.

मंग लोक याले लागले. समोरची काकू रोज ये. चहात बिस्कुट बुडवे, अर्धं गयून कपात पडे, ते बोटानं काढून खाये अन् इचारे, "एकाच डोयाचे असतात म्हने वं ते?"

मी म्हटलं, "मले काय माहीत."

"अन् खांद्यावर पोपट असते."

"तुमाले कोनं सांगतलं?"

"टीव्हीत असते ना माय. पाय बी लाकडाचा असते एखांद्याचा. तुहा नवरा सांगन आल्यावर सारं." अन् मंग हयूच, "आला म्हंजे."

ते 'आला म्हंजे' तिनं असं म्हटलं का मले तिच्या बोटाची, बिस्कुटाची, साऱ्याचीच घिन आली. पन काय म्हनता, मोठी बाई.

जहाजाच्या कंपनीच्या हापिसातून दोन-चार दिवसानं फोन ये अन् एकच सांगे, बोलनं चालू हाय. कोनाशी बोलनं, काय बोलनं, काई नाई. मले वाटे एकडाव याईचा नुसता खोकला जरी ऐकू आला तरी चालन, बोलू नका, नुसते खोका.

माही पोरगी पयलीत हाये. तिच्या शायेतून दर शनिवारी एक गोष्टीचं पुस्तक घरी देतात. त्या शनिवारी ती पुस्तक घेऊन आली अन् त्याच्यावर तोच टीव्हीतला डाकू, कायी टोपी, टोपीवर पांढरी कवटी, डोयाले कायी पट्टी, अन् हासून राह्यला, सारे दात दाखवून. पोरीनंच निवडलं होतं. बाईले म्हने माहे बाबा जहाजावर हायत म्हनून मले जहाजाचं पायजे. बाईले काई माहीत नव्हतं, तिचा काय दोष.

मी बोट ठेवून ठेवून वाचलं, माहं वाचन हयू हाय. ते चाचे दुसऱ्या जहाजावर चढतात, गानं म्हनतात, पेटी उघडतात, पेटीत सोनं, मंग बेटावर जाऊन नाचतात, पोपट काईतरी गमतीचं बोलते अन् संपलं. मी परत पयल्या पानापासून पाह्यलं. ज्या जहाजावर ते चढले त्या जहाजावर मानसं होती का नाई? एक बी चित्र नाई. तिथं कनिक कोन मयत होतं, चुलीवर काय होतं, चढले तवा भात शिजला होता का अर्धा होता, काईच नाई. नुसती पेटी. जसं काई जहाज रिकामंच चालून राह्यलं होतं. मी ते पुस्तक ज्वारीच्या कट्ट्यामांगं, म्हंजे पोत्यामांगं, लपवून टाकलं.

पोरगी हुडकत राह्यली. मंग काकापाशी गेली, म्हने काका, चाच्याईची गोष्ट सांगा. देर शिकेल मानूस, त्याईले खोटं सांगता येत नाई. मी शेंगा सोलत बसली होती, ऐकत होती. ते म्हने, ते काई खजिना पुरत-गिरत नसत बेटा, जे भेटे ते खाऊन पिऊन उडवत. अन् नाचत बी नसत. महिनो-महिने पान्यावर राहून त्याईच्या हिरड्या सडत, दात पडत, बिस्कुटात अया, किडे होत, अंधारात खात म्हंजे अया दिसू नाई.

पोरगी म्हने, "ई."

"अन् मानसं धरून नेत, बाजारात इकत. आपल्या कोकनच्या किनाऱ्यावर बी असे होते. अन् कई कई तं राजाच त्याईले कागद देये, का दुसऱ्या राजाचं जहाज लुट, आपलं नको लुटू. कागद असला का तो शिपाई, नसला का तो चोर. अन् गोरे लोक तं आपलं आरमार राखनाऱ्या मानसाईलेच चाचे म्हनत."

मी शेंगा टाकून म्हटलं, "म्हंजे कागद असला का चोट्टा सायब होते."

देर म्हने, "तसंच काई, वहिनी."

"अन् लेकराईच्या पुस्तकात हासते."

 मले त्या दिवसापासून दायीत एक अई दिसली तरी सारी दाय फेकून द्यावी वाटे. आत्याबाई म्हनत, निसून घे ना वं, दाय काय झाडाले लागते. मी फेकतच होती.

पुढच्या बाजाराच्या दिवशी बांगड्यावाला चाचा आला. गल्लीच्या तोंडापासून त्याचा आवाज येते, बांगड्याऽऽ भरा, अन् माही पोरगी चप्पल न घालता पयते, नेहमीचंच. त्या दिवशी ती पयली नाई. दाराच्या मांगं उभी राह्यली, माहं लुगडं धरून. मले वाटलं बिमार हाय.

आत्याबाईनं त्याले ओट्यावर बसवलं. त्या कईच्या म्हनून राह्यल्या होत्या, हात सुने नको ठेवू, हिरव्या भरून घे. अन् मले भेव वाटे. नाई भरल्या तरी भेव, अन् भरल्या अन् मंग तिकडून वाईट काई आलं तं, तेच हात, त्याच बांगड्या, कोन काढन त्या. मी सांगू कोनाले हे. मी पुढं झालीच नाई.

चाचानं पेटी उघडली अन् पोरीले म्हने, "आज माही बेटी कुठं गेली, आज पिवया आनल्या तुह्यासाठी."

पोरगी बाहेर आली. हात पाठीमांगं. त्याच्यापासून दूर उभी राह्यली अन् म्हने, "चाचा, माह्या बाबाले सोडून द्या ना. मले बांगड्या नको."

चाचाले काई समजलं नाई. समोरची काकू ओट्यावर होतीच, ती पदर तोंडाले लावून हासली, अन् तवा मले समजलं का हे पोरीच्या डोक्यात कोनी भरलं. "तूनंच सांगतलं ना?" मी तिले पयल्यांदा तू म्हटलं. ती म्हने, "मी मजाक केली माय, पोरीनं इचारलं कोनं धरलं, मी म्हटलं चाच्यानं." मले इतकी घिन आली, तिची बी अन् माही बी, कारन पयल्या दिवशी मले बी तं तेच वाटलं होतं.

आता चाचाले कसं सांगाचं. म्हाताऱ्या मानसाले म्हनाचं, का डाकूले तुमचं नाव हाय. आत्याबाईनंच सांगतलं, हयू हयू, खाली पाहून. चाचा ऐकत राह्यला. त्याच्या हातात पिवया बांगड्याचा जुडा होता, तो त्यानं पेटीत ठेवला. मले वाटलं आता हा उठन अन् आपल्या दारात कई येनार नाई.

तो पोरीले म्हने, "बेटी, मले तं पवता बी येत नाई. मी आंगोयीले बी अर्धीच बादली घेतो, तुही चाची भांडते माह्यासंग त्याच्यावरून."

पोरगी हासली नाई. म्हने, "मंग कोनं धरलं?"

"चोट्ट्याईनं," चाचा म्हने. "चोराले चोर म्हनावं, बेटी. चाचा काऊन म्हनता त्याईले? इज्जत काऊन देता?" हे तो पोरीले नाई, आमालेच म्हनून राह्यला होता. मंग ओट्याच्या बाहेर थुंकला, जसं खवट शेंगदाना तोंडात आला.

माह्याकडे त्यानं एकडाव पाह्यलं, माह्या हातातल्या तीन बांगड्याकडे पाह्यलं, अन् एक डझन हिरव्या काढून कागदात बांधून आपल्याच पेटीच्या कोपऱ्यात ठेवल्या. आत्याबाईले म्हने, "तिले आज जबरदस्ती नका करू. या तिच्याच हायत. तो आला का मी भरतो."

आला म्हंजे नाई म्हटलं त्यानं. आला का म्हटलं, जसं येनारच हाय.

त्या दिवसापासून आमच्या घरात चाचे हा शब्द कोनी त्याईच्यासाठी वापरत नाई. पान्यातले चोट्टे म्हनतो.

मंग एका दुपारी फोन वाजला, मी उचलला, पिठाचे हात तसेच, अन् तिकडून खोकला आला. पयले खोकलाच आला. मंग हे म्हने, "सोडलं. साऱ्याईले सोडलं." मी म्हटलं, "जेवले का?"

याईले घ्याले आमी सारे धाडच्या स्टँडवर गेलो. एसटीतून उतरले तवा पोरीनं ओयखलंच नाई, गाल बसले होते. घरी आल्यावर याईनं हात धुतले, परत धुतले, अन् चुलीकडे पाठ करून बसले. सांगतलं ते थोडंच सांगतलं. ते चोट्टे याईच्याच सैपाकघरात राहत. कोनता तरी पाला दिवसभर चघयत अन् थुंकत, कढईपाशी थुंकत, पीठ असे तिथं थुंकत. भातात उष्टा हात घालत. बंदूक घेऊन एक जन मांगं उभा राहे अन् हे कनिक मयत.

पोरीनं इचारलं, "एक डोया होता त्याईले?"

"दोन होते. आपल्यासारखेच," हे म्हने. "एकाच्या पायात दोन येगयेगया चपला होत्या. चहात साखर कमी पडली म्हनून त्यानं माह्यावर बंदूक उगारली, तं आमचा खानसामा चाचा मधात आला. बंदुकीचा दांडा त्याच्या खांद्यावर बसला. हात अजून वर होत नाई त्याचा."

मले त्या चपला कोनाच्या पायातून काढल्या असतीन हेच डोक्यात राह्यलं. अन् ज्याले मी गचांडी धरनारा समजली, तोच मधात आला.

बाजाराच्या दिवशी बांगड्यावाला चाचा आला, कागद सोडला अन् भरल्या माह्या बांगड्या. पोरीनं पिवया भरल्या. याईनं त्याले आपल्या हातचा चहा करून देला, आल्यापासून पयल्यांदा चुलीपाशी गेले.

पुस्तक शायेत परत द्याचं राह्यलं होतं, बाई रोज मांगत होती. मी कट्ट्यामांगून काढलं. याईनं पान पान पाह्यलं. मंग पोरीची पेन्सिल घेतली अन् ते चोट्टे ज्या जहाजावर चढतात ना, त्या जहाजाच्या खालच्या गोल खिडकीत एक मानूस काढला, हातात भाजी ढवयाची पयी, अन् त्याच्यापाशी दुसरा, दाढीवाला. चित्र काई बरं नव्हतं. मी इचारलं, "परत जानार का तुमी?" तं पयीचा दांडा गिरवत राह्यले. मले भेव हाय ते हाय.

मी खोडरबर घेतलं, म्हटलं दंड बसन. मंग ठेवून देलं अन् पुस्तक तसंच दप्तरात टाकलं.

"बाईनं इचारलं, हे कोनं काढलं, तं काय सांगशीन?" मी पोरीले म्हटलं.

ती म्हने, "सांगीन, हे बी होते तिथं."