शेपटीवरची घोषणा

कागद निवडताना अण्णा तो गालाला लावून बघत. "डोळ्याला वजन कळत नाय, गालाला कळतंय," म्हणत. भवानी पेठेत आमच्या शेजारच्या खोलीत ते राहत. दिवसभर यंत्रमाग चालवत आणि उरलेल्या वेळात रबराच्या ताणावर उडणारं, जेटच्या घाटाचं छोटं विमान बनवत.

त्यांचा सगळा जीव त्याच्या शेपटीत. भरीव लाकडाची केली तर जड, नुसत्या कागदाची केली तर वाऱ्यात पिळवटते. म्हणून बांबूच्या बारीक कामट्यांची चौकट, आत तिरपे आधार, वर पतंगाचा कागद आणि त्याला सुताला लावतात तीच खळ, पातळ करून. वाळली की कागद ढोलकीसारखा ताणला जाई. मग सोनाराकडून मागून आणलेल्या तराजूत तोलायचं. "शेपटीत एक गुंज वाढली की नाकात तीन गुंजा शिसं घालावं लागतंय. मग विमान कसलं, वरवंटाच की."

मी तेव्हा कॉलेजात होतो. पत्रकं वाचून वाढलेला, पत्रकं लिहिणारा. ते मला पुढारी म्हणत.

"अण्णा, कामगाराच्या हातचं विमान. त्यावर कामगारांची घोषणा हवी."

"हवी की. पण रंगाला वजन असतंय, पुढारी."

मला वाटलं, भ्याले. एका शाळेत हस्तकला शिक्षकाची जागा होती. विमान नीट उडालं तर ती त्यांना द्यायचं मुख्याध्यापकांनी कबूल केलं होतं. मागावरच्या धुळीनं अण्णांची छाती भरली होती. डॉक्टरांनी माग सोडायला सांगितलं होतं. हे मला माहीत होतं.

त्या दिवशी ते पाळी संपवून थेट शाळेत येणार होते, विमान मी न्यायचं होतं. सकाळीच मी उभ्या शेपटीच्या दोन्ही बाजूंना लाल तैलरंगात ठसठशीत लिहिलं : कामगार एकजूट.

मैदानावर अण्णांनी अक्षरं पाहिली. विमान बोटावर तोललं, शेपटी खाली गेली. त्यांनी खिसे चाचपले. शिसं घरी राहिलं होतं.

"चला, उरका," मुख्याध्यापक म्हणाले.

अण्णांनी रबर ताणलं. विमानानं नाक वर केलं, क्षणभर हवेत थबकलं आणि कोसळलं.

"हे कुणी लिहिलं?" मुख्याध्यापकांनी विचारलं.

"मीच, सर," अण्णा म्हणाले.

"आणि पडलं कसं?"

"अंदाज चुकला माझा."

मी त्यांच्यापासून दोन हातांवर उभा होतो. गिरणीच्या दारात मालकांची नावं घेऊन बोलणारा मी तिथं गप्प राहिलो. दुसऱ्या दिवशीही मुख्याध्यापकांकडे जाता आलं असतं. गेलो नाही.

परतताना अण्णांनी तुकडे पिशवीत भरले. "शेपटी मोडली नाय बघ," म्हणाले. "बाकी सगळं गेलं."

महिन्याभरात ते भिवंडीला गेले, पुन्हा मागावरच. माफी मागायची ठरवून मी एसटी स्टँडवर गेलो. ते म्हणाले, "परीक्षा नीट दे, पुढारी." मी मान हलवली. गाडी सुटली.

भिवंडीचा पत्ता विचारायचं मला सुचलं नाही, असं नाही. पत्ता मिळाला असता तर पत्र लिहावं लागलं असतं.