हरभऱ्याचा दाणा

आमच्या शेजारी एका शेटजींच्या घोडागाडीचा कोचमन राहायचा. गाडीवर त्याच्या पायात चकचकीत बूट हवेत, असा शेटजींचा हुकूम. नवा जोड घ्यायला तो मला गिरगावातल्या दुकानात सोबत नेई. तिथे तो फरशीवर हरभऱ्याचा दाणा ठेवायचा, बूट घालून त्यावर पाय द्यायचा आणि डोळे मिटून घ्यायचा. दाणा तळव्याला जाणवला नाही, तर बूट परत. दुकानदार वैतागे, मला हसू येई.

"पायाखालचा ब्रेक कळायला हवा, मास्तर," एवढंच तो म्हणे.

एकदा मी विचारलं, "हे तुम्हाला शिकवलं कोणी?"

त्याने दाणा उचलून कपाळाला लावला.

"माहीमच्या एका कोळणीनं. माझ्या गाडीखाली आली ती. माझ्या पायात जाड तळाचे बूट होते. ब्रेक दाबलाय, असंच मला वाटत राहिलं."