फिलू हात बघायची

शेरॉनचा फोन आला तेव्हा मी ओट्यापाशी बांगडे साफ करत होते. मोबाईल फ्रिजवर होता. तो वाजला आणि मी दचकले. त्या दिवसांत प्रत्येक रिंगला दचकायचे. कुणी कर्ज हवंय का विचारायला फोन केला तरी उचलायचा धीर व्हायचा नाही. हात न धुताच फोन उचलला. "नलूमावशी..." एवढंच म्हणाली शेरॉन. पुढे बोलवेना तिला. मी म्हटलं, "कळलं गो बाळा, येते मी." फोन ठेवला, उरलेले बांगडे साफ केले, हळद-मीठ लावून फ्रिजमध्ये ठेवले आणि मगच खाली बसले. फिलू गेली हे मानायला जेवढा उशीर करता येईल तेवढा केला असणार मी. आता त्याला महिना उलटला, तरी फोन वाजला की अजून दचकायला होतं.

फिलू म्हणजे फिलोमिना. शेरॉन तिची एकुलती एक मुलगी. फिलू गिरगावातल्या वाडीत जन्मलेली, मूळची मुंबईकर ख्रिस्ती. मी काळाचौकीत वाढलेली आणि लालबागला दिलेली. फोर्टातल्या एका सरकारी कचेरीत आमची टेबलं शेजारी आली आणि पहिल्याच शुक्रवारी ती म्हणाली, "नले, पिक्चरला येतेस काय गो?" तेव्हापासून शुक्रवार आमचा. ऑफिस सुटलं की थेट थेटर. मी सासूला ओव्हरटाइम सांगायचे. फिलू मात्र घरी खरं सांगून यायची. खोटं बोलायला गेली की पकडली जायची बिचारी, त्यातलं अंगच नव्हतं तिला.

पण दुसऱ्याचं खोटं पकडण्यात तिचा हात कुणी धरावा! सिनेमात ती नटाचा चेहरा बघायचीच नाही. हात बघायची. "चेहऱ्याचं काय गो," म्हणायची, "चेहरा मेकपवाला करतो, लाइटवाला करतो. हात त्याचे त्यालाच करायला लागतात." एका लढाईच्या सिनेमाने सगळ्या मुंबईला रडवलं होतं. शेवटी हिरो छातीवर गोळी झेलतो, दोन पानी भाषण करतो आणि मरतो. थेटरात हुंदके चाललेले आणि ही बया मला कोपराने ढोसते, "बोटं बघ त्याची. मरताना अशी जुळवून ठेवतं काय कोण? याला मरायची भीतीच वाटत नाय. ज्याला भीती नाय त्याचं मरण मी कशाला बघू?" मागच्या रांगेतल्या बाईने आम्हाला झापलं तेव्हा गप्प बसली. पुढे कधीतरी आम्ही एक घरगुती सिनेमा बघितला. त्यातली सून नवऱ्याला हसत हसत आमटी वाढते. दुसऱ्या हाताने तिने टेबलाची कड घट्ट पकडलेली, बोटांची पेरं पांढरी. सिनेमा आठवड्यात उतरला, नटीचं नाव कुणी घेतलं नाही. फिलू तिचं नाव अगदी परवापर्यंत घेत होती.

माझ्या हिरोवरून तर आमची मोठी जुंपली. कोण ते लिहीत नाही, त्याचे चाहते माझ्या दारात यायचे. त्याच्या एकेका एंट्रीला मी शिट्टी मारलेली आहे, लालबागची आहे मी, लाजते की काय! एकदा फिलू म्हणाली, "नले, तुझ्या हिरोचे हात कायम खिशात. रडतो तेव्हा खिशात, भांडतो तेव्हा खिशात. घाबरतो गो तो. हात बाहेर काढले तर आपल्याला सगळं दिसेल, म्हणून घाबरतो." मी इतकी तडकले की सोमवारपर्यंत बोलले नाही. पण नंतर जो जो त्याचा सिनेमा लागला त्यात मला खिसेच दिसायला लागले. वाट लावली तिने माझ्या हिरोची.

एवढं बोलणारी बाई, पण स्वतः भित्री भागूबाई. पडद्यावर दार करकरलं की तिने माझं डावं मनगट धरलंच. भुताचा सिनेमा असो नाहीतर कोर्टात निकाल वाचणारा जज्ज, तिला दोन्ही सारखेच. सुरुवातीला माझ्या काचेच्या बांगड्या फुटून दोघींनाही लागलं होतं. मग मी शुक्रवारी सकाळी डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढून ठेवायला लागले. आईने दिलेली सोन्याची एक बांगडी तेवढी राहायची. घरात सगळ्यांना कळायचं, आज शुक्रवार. आम्ही रिटायर झालो, आमची जुनी थेटरं पडली, गिरणीच्या जागेवरच्या मॉलमध्ये पॉपकॉर्न घेऊन आम्ही बसायला लागलो, तरी हे चुकलं नाही.

आणि मग तिला जिना चढताना दम लागायला लागला. हृदयाची झडप बिघडलेली निघाली. ऑपरेशन करायलाच हवं होतं आणि त्यात धोका आहे हेही डॉक्टरांनी सांगितलं होतं. आदल्या संध्याकाळी मी परळला हॉस्पिटलात गेले. लिफ्टमध्ये शिरायचं धाडस होईना, दोनदा लिफ्ट सोडून दिली. वर जाऊन बघते तर ही पलंगावर तक्क्याला टेकून बसलेली, केस विंचरलेले, ओठांना लिपस्टिकसुद्धा. "ये ये! काय गो तोंड पाडून आलीस? मला काय नाय. फादर येऊन गेले, प्रार्थना झाली, मी एकदम तयार." शेरॉन थर्मासमधून चहा ओतत होती. कौतुकाने म्हणाली, "ममा किती शूर आहे ना, मावशी? मीच रडते, तीच मला समजावते."

मी मान हलवली. फिलू हसत होती, नर्सची नक्कल करत होती, वॉर्डातल्या टीव्हीवरच्या हिरोला नावं ठेवत होती. आणि माझं लक्ष चादरीवर गेलं. तिचे दोन्ही हात कोपरापर्यंत चादरीखाली होते. बोलताना हात नाचवल्याशिवाय जिला वाक्य पुरं करता येत नसे, तिचे हात चादरीखाली... मला वाटलं, गप्प बसावं. लेकीसाठी चाललंय तिचं, आपण कोण मोडणारे? पण ही बाई सकाळी अशीच हसत आत जाणार, आणि आत एवढ्या भीतीशी एकटी राहणार, या विचाराने मला बसवेना.

"फिले," मी म्हटलं, "हात बाहेर काढ."

ती हसायची थांबली. मग हळूच म्हणाली, "पिक्चर पडला काय गो?"

"पहिल्याच शोला."

तिने हात बाहेर काढले. सुईच्या पट्ट्या चिकटवलेले, थरथर कापणारे. एकाने दुसरा धरून ठेवायला बघत होती, दोन्ही कापत होते. "नले, मला भीती वाटते गो," ती म्हणाली. "फार भीती वाटते. डोळे मिटले की वाटतं, उघडणारच नाय." शेरॉनच्या हातातला कप तिथेच राहिला. ती येऊन पलंगावर बसली आणि आईच्या कुशीत शिरली. "मला पण वाटते, ममा. मला पण." तिघी रडलो. भीती काही कुणाची गेली नाही. पण फिलू मग खरं बोलली. मुलीला काय काय सांगायचं होतं ते सांगितलं, आपल्या नवऱ्याच्या कबरीशेजारी जागा हवी तेही सांगितलं. रोज आलं-लिंबू टाकून चहा पी, हे दोनदा सांगितलं.

सकाळी निघताना मी डाव्या हातातल्या काचेच्या बांगड्या काढल्या. शुक्रवार नव्हता. स्ट्रेचरबरोबर त्या लांब पॅसेजमध्ये चालत होते आणि फिलूने माझं मनगट असं धरलं होतं की बांगडी मांसात रुतत होती. दारापाशी वॉर्डबॉय म्हणाला, "मावशी, आता सोडा." तिने एकेक बोट करून सोडलं. ऑपरेशन झालं, पण त्यानंतर ती नीट शुद्धीवर आलीच नाही. आठवडाभर मी फोनला घाबरत राहिले आणि मग तो सकाळचा फोन आला.

चर्चमध्ये सगळे म्हणत होते, किती शांत दिसते. चेहरा होताच शांत. मी हात बघितले. छातीवर एकावर एक ठेवलेले, बोटांत रोझरीची माळ गुंडाळलेली. बोटं छान जुळवून ठेवली होती कुणीतरी, तिला मुळीच आवडलं नसतं. खरं सांगते, मला त्या न हलणाऱ्या हातांची भीती वाटली. मी लांबूनच नमस्कार केला आणि खांबाआड जाऊन उभी राहिले.

घरी आल्यावर बघितलं तर सोन्याची बांगडी एका बाजूने चेपलेली, फिलूने त्या पॅसेजमध्ये धरली होती तिथेच. सोनाराला साफ करायला दिली तेव्हा तो म्हणाला, "लगेच सरळ करून देतो." मी म्हटलं, "हात लावू नकोस."

गेल्या आठवड्यात गिरगावातल्या चर्चमध्ये तिची महिन्याची मिस्सा, म्हणजे प्रार्थना, झाली. त्यानंतर माझ्या हिरोचा नवा सिनेमा लागला. माझी सून मृणाल म्हणाली, "आई, तुम्ही जाऊन याच. की मी येऊ सोबत? एकटीला भीती नाही ना वाटणार?" मी म्हटलं, "मला कसली गो भीती?" घरात सगळे मला वाघीण समजतात. बोलताना माझे दोन्ही हात पदराखाली होते, ते माझं मला कळलं. मृणाल हसली आणि तिने दोन तिकिटं काढली.

सिनेमात माझा हिरो म्हातारा झालाय. अर्धा वेळ हात खिशातच. शेवटी डॉक्टरांच्या खोलीबाहेर बाकड्यावर एकटा बसतो, संवाद नाही, गाणं नाही... आणि हळूहळू हात बाहेर काढून मांडीवर ठेवतो. कापत होते. खरंच कापत होते! मी डावीकडे वळून मोठ्याने म्हटलं, "बघ गो, काढले त्याने!"

"काय, आई?" मृणाल दचकली.

मी तिचा हात ओढला आणि माझ्या डाव्या मनगटावर, चेपलेल्या बांगडीवर ठेवला. "घट्ट धर," म्हटलं. "मला भीती वाटतेय." तिने धरलं. काचेच्या बांगड्या मी सकाळीच काढून ठेवल्या होत्या.