आबांच्या गळाचा सायप्रिनस

हे मी बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतो—आणि बघा, नुसतं सांगायला घेतलं तरी हात शिवशिवायला लागले!

डिंडोलीतल्या आमच्या खोलीत एक फोटो आहे. माझ्या कवेत सायप्रिनस मासा—सोनेरी खवल्यांचा, मिशाळ, लहान पोराएवढा जड. पाहुणा आला की मी फोटोपाशी उभा राहून हातवारे करत सगळा किस्सा ऐकवतो.

मी पांडेसऱ्यात डाइंगला, कापड रंगवायच्या कारखान्यात; शेजारचे आबा लूमवर, कापड विणायला. दर रविवारी आम्ही दोघं तापीवर, कॉजवेच्या वरच्या अंगाला. कणीक, गूळ, शेंगदाण्याचा कूट—आबांचं आमिष असं की आपल्यालाच भूक लागावी! पण मोठा मासा त्यांना कधी लागला नाही. त्या रविवारी तर त्यांची शेवटची फेरी. काम सुटलं होतं, मंगळवारी कायमचे गावी, शिंदखेड्याला निघणार होते. एक मोठा मिळाला की मी मोकळा, म्हणत ते चहा आणायला गेले. माझ्यासाठीही.

आणि त्यांची काठी वाकली!

काय सांगू तुम्हाला! सायप्रिनस आधी नुसता चाखतो, तळाशी, लाजऱ्या जावयासारखा. मग एकदम हिसका! मी त्यांची काठी धरून गुडघाभर पाण्यात—ढील दे, ओढ, ढील दे! टपरी हाकेच्या अंतरावर होती. एक हाक मारायची, एवढंच होतं ना?

मासा काठाला लागला आणि मी—ब्लेडने आबांची दोरी कापली. मासा माझ्या काठीपाशी ओढला. आबा चहा सांडत धावत आले, तर म्हणालो, माझ्या गळाला लागला; तुमची दोरी कशाततरी अडकून तुटली.

ते माझ्यापेक्षा जास्त नाचले हो. फोटोही त्यांनीच काढला.

मग नेहमीसारखे तेच मासा साफ करायला बसले. जबड्यातून गळ निघाला. त्याला दोरीचा तुकडा, आणि तुकड्यावर गाठ—तुटलेला धागा जोडताना लूमवाले एका हाताने मारतात ती, बारीक. मला ती आजही येत नाही. आबांनी गाठीवरून अंगठा फिरवला आणि गळ खिशात टाकला.

“तुना नशीबमा व्हता, भाऊ,” एवढंच म्हणाले.

ज्याला मासा लागला त्याने डोकं सोबत्याला द्यायचं, ही आमची रीत. त्या दिवशी त्यांनी डोकं घेतलं नाही.

परवा पाहुणे आले होते. मी पुन्हा फोटोपाशी उभा राहिलो, हातवारे केले, सगळे हसले.

मासा आबांचा होता. मी चोरला.